वाकळेतलं कापड कुणाचं?



आपल्या माणसांनी भाकरीवर लिहिलं, पाण्यावर लिहिलं. दारोदार मागून आणलेला तुकडा आपल्या आत्मकथनांत पानोपानी सापडतो. 20 मार्च 1927 चं चवदार तळं शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण कापडाचं काय? आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या अंगावर जे होतं ते कुठून आलं? कुणी दिलं, कशाच्या बदल्यात दिलं? ही झाडाझडती अजून व्हायची आहे. तिचा एक पुरावा अजून काही घरांत शिल्लक आहे. माळ्यावर नाहीतर जुन्या ट्रंकेत पडलेली आज्जीची वाकळ.

कुणी गोधडी म्हणतं, आमच्याकडं वाकळ. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की आज्जी सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं अंथरायची. चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर धडुत्यांचे थर, फाटकी धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, आणि पुन्हा वर लुगडं. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं. पाठ मोडायची, बोटांची चाळण व्हायची. पण तिनं स्वतःसाठी म्हणून वाकळ कधी शिवली नाही. बाळंत झालेली लेक सासरी निघाली की तिच्या बाळासाठी दुपटं. मुंबईला गिरणीत निघालेल्या पोरासाठी वाकळ. बोर्डिंगात निघालेल्या नातवासाठी वाकळ. देण्यासारखं घरात दुसरं होतं काय?

बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढलं. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं. अशा ठिकाणी खेड्यापाड्यातून पोरं आली ती एक पेटी आणि एक वळकटी घेऊन. त्या वळकट्यांतल्या वाकळा कुणी शिवल्या होत्या? देणगीदारांच्या यादीत त्या बायांची नावं शोधू नका, मिळणार नाहीत.

आता वाकळ उसवू.

सगळ्यात आतला थर मढ्यावरच्या कापडाचा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हुकूमच आहे, चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत. गावगाड्यानं ह्या हुकुमाला 'हक्क' असं गोंडस नाव दिलं. महारांचे म्हणून जे बावन्न हक्क सांगितले जातात त्यात मढ्यावरचं कापड आहे. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी पळायचं, सरणाची लाकडं वाहायची आणि मोबदल्यात ते कापड उचलायचं. वर गावानं म्हणायचं, हा तुमचा मान! आज्जी सांगायची, "असलं कापड तीनदा धुयाचं, उन्हात टाकायचं, मंग वाकळंच्या पोटात घालायचं. वर न्हाई." थंडी भागवायला ते चालायचं, पण डोळ्यांसमोर नको असायचं. घेणाऱ्याला लाज वाटत होती. देणाऱ्याला कधी वाटली नाही.

काठाची गोष्टही अशीच. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये नोंदवलंय, की लुगड्याचा काठ दिसेल असं नेसायची महार बायांना मुभा नव्हती. काठ निऱ्यांत दडवावा लागे. तो मिरवायचा वरच्या जातीच्या बायांनी. आता आमच्या घरातली वाकळ बघा. लुगडं विरलं की आज्जी त्याचा काठ जपून कापून ठेवायची आणि वाकळेच्या चारी बाजूंना लावायची. कड लवकर झिजते आणि काठाची वीण घट्ट असते, म्हणून तो कडेला, हे खरंच. पण तो सुलटा, रंग वर येईल असा लावायचा, हे काही टिकाऊपणासाठी नव्हतं. अंगावर जो काठ लपवला तो नातवाच्या पांघरुणावर चहूबाजूंनी उघडा केला. तिला हे कुठल्या शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं.

25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली. मेलेल्यांची वस्त्रं वापरा म्हणणारं पुस्तक जळालं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला, जातीची खूण म्हणून वागवलेले जड दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. एवढा मोठा पुढारी लुगड्याच्या नेसणीवर का बोलतो? कारण जात कापडातून लांबूनच ओळखू यायची, हे त्यांना माहीत होतं. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. वतन कायद्यानं जायला 1958 उजाडलं. पण अनेक गावांत आपल्या लोकांनी महारकी सोडायला, मढ्यावरचं कापड नाकारायला कायद्याची वाट बघितली नाही. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला.

कापड नाकारलं म्हणून थंडी थोडीच थांबते? मग वाकळेत आल्या गिरणीच्या चिंध्या. मुंबईचा माणूस सुट्टीला येताना चिंध्यांचं गाठोडं आणायचा. ह्या चिंधीतही जात होती बरं का. गिरणीत आपली माणसं बहुतेक रिंग खात्यात, सूत काढायला. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा धरणार! 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, सगळ्या खात्यांत कामाचा हक्क मान्य करा, नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठं कुरकुरत मान्य झालं. कागदावर मान्य झालं म्हणून खात्याचं दार लगेच उघडलं असं नव्हे. तोवर हिशेब असाच होता, सूत आमचं, कापड त्यांच्या हातचं, आणि चिंधी पुन्हा आमच्या वाट्याला. तरी जुन्या कापडात आणि ह्या चिंधीत फरक होता. हिच्यासाठी कुणापुढं वाकावं लागलं नव्हतं. म्हणून ती वाकळेच्या वर आली, डोळ्यांसमोर. पुढं 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि गावाकडं येणारी गाठोडीही थांबली.

आज्जी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात होती, पांढरं लुगडं नेसून. त्या लुगड्याला तिनं वाकळेसाठी कधी कात्री लावली नाही. 1979 साली ती गेली तेव्हा तिच्या सांगण्यावरून तेच तिच्या अंगावर घातलं. स्मशानात त्याला कुणी हात लावला नाही. कुणाचा तसला 'हक्क' आता उरला नव्हता. ज्या घरानं पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या मढ्यावरचं उचललं, त्या घरातली बाई स्वतःच्या कापडात गेली.

कुणी म्हणेल, बुद्धाचे भिक्खूही स्मशानातल्या चिंध्या जोडून चीवर करायचे. खरं आहे, त्याला पांसुकूल म्हणतात. मगधातल्या भातखाचरांसारखे तुकडे जोडायचा नमुना आनंदानं केला, असं विनयपिटकात आहे. पण नवं वस्त्र मिळत असताना चिंधी निवडणं वेगळं, आणि जन्मानं कपाळी चिंधी मारलेली असणं वेगळं. आपल्या आज्ज्यांच्या गरिबीला कुणी त्यागाचं पावित्र्य चढवू नये.

आता तर पावित्र्याबरोबर किंमतही चढलीय. शहरांतल्या प्रदर्शनांत गोधडी 'पारंपरिक कला' म्हणून मांडली जाते. शिवणाऱ्या बाईला रोजगार मिळत असेल तर आनंदच आहे. पण भाव कोण ठरवतं, नाव कुणाचं लागतं? हा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या बायांपुढंही आला. 1972 साली आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतलं, त्यांची काळ्या पँथरची खूण 1966 च्या सुमारास अलाबामा राज्यातल्या लाउंड्स परगण्यात निवडणुकीसाठी उभी राहिली. त्याला लागून विलकॉक्स परगणा. तिथल्या जीज बेंड वस्तीत गुलामांच्या वंशज असलेल्या बाया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, घरच्यांना पांघरायला. मतदार यादीत नाव घातलं म्हणून त्या परगण्यात काहींना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. 1966 साली बायांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिनं गोधड्या विकल्या, जमीन घेतली आणि हुसकावलेल्या काही कुटुंबांना तीत जागा दिली. 2002 साली जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. मोठं नाव झालं. आणि 2007 साली त्यातल्या काही बायांना पैशाच्या हिशेबासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. गोधडी भिंतीवर गेली तरी शिवणारीचा हिशेब आपोआप चुकता होत नाही, एवढं त्यातून शिकू.

आज आपल्या घरांत विकतची ब्लँकेटं आलीत, आणि ते चांगलंच झालं. पण जुन्या वाकळा फरशी पुसायला निघाल्यात. तेव्हा कार्यकर्त्यांनो, वही घ्या आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडं जा. वाकळ उलगडा. हा तुकडा कुणाचा, हा कसा आला, ही कुणासाठी शिवली, एकेक विचारा. गाव लिहा, साल लिहा. सगळ्यात वर शिवणारीचं नाव लिहा, तिच्या नवऱ्याचं नंतर. म्हातारी म्हणेल, "चिंध्यांचं काय लिवतोस, बाबा?" तिला सांगा, ह्या चिंध्यांचाच हिशेब मांडायचाय. उशीर करू नका.

जयभीम!