धनुष्याचा भार आणि हातास मिळणारी सूट

शिवधनुष्य पेलण्याची उपमा आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, एखाद्या संस्थेचें चिटणीसपद पत्करणाऱ्या गृहस्थासही आपण ती सहज बहाल करितों. या उपमेच्या मुळाशीं अशी समजूत आहे कीं, धनुष्य जितकें जड तितका तें पेलणारा थोर. परंतु धनुष्याचा इतिहास पाहूं गेल्यास तिरंदाजाची खरी परीक्षा धनुष्य ओढण्यांत नसून, ओढलेलें धनुष्य धरून ठेवण्यांत आहे, असें दिसून येतें. नेम धरावयाचा तो ओढल्यानंतर, आणि जुन्या धनुष्याचा भार नेमका त्याच क्षणीं सर्वांत अधिक असतो. दोरी आकर्ण ओढल्यानें हात थरथरूं लागावा आणि त्याच वेळीं डोळ्यानें स्थिर राहावें, हा धनुर्विद्येंतील मूळचाच विरोध होय. गेल्या साठ वर्षांत या विरोधावर जो तोडगा निघाला, आणि त्या तोडग्यानें जो नवा प्रश्न उभा केला, त्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

जुना भार किती होता, याची साक्ष समुद्रानें जपून ठेविली होती. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचें ‘मेरी रोझ’ नांवाचें लढाऊ जहाज १५४५ सालीं पोर्टस्मथजवळ बुडालें; तें १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. त्यांतून १३७ अखंड धनुष्यें आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण हातीं लागले. संशोधकांच्या हिशेबाप्रमाणें त्या धनुष्यांपैकीं बहुतेकांची ओढ शंभर पौंडांच्या वर होती, कित्येकांची तर दीडशेच्याही वर. जहाजाबरोबर बुडालेल्या कांहीं माणसांच्या खांद्याच्या फऱ्याचें टोंक मूळ हाडाशीं जुळलेलें नव्हतें. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असें तज्ज्ञांचें अनुमान आहे. धनुष्याचा भार असा हाडांवर लिहिला जात असे.

योगायोग असा कीं, त्याच १५४५ सालीं रॉजर ॲस्कम या पंडितानें ‘टॉक्सोफिलस’ हा इंग्रजी भाषेंतील धनुर्विद्येचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. उभें राहणें, बाण दोरीस लावणें, ओढणें, धरणें आणि सोडणें अशीं या विद्येचीं पांच अंगें त्यानें सांगितलीं. आणि चौथ्या अंगाविषयीं त्याचा इशारा असा कीं, फार वेळ धरूं नये, त्यानें धनुष्यासही धोका पोंचतो व नेमही बिघडतो. धरणें हें अंग शास्त्रानें मान्य केलें खरें, परंतु शरीर त्यास सवड देईना.

ही सवड चार शतकांनंतर अमेरिकेंत मिळाली. मिसूरी राज्यांत राहणाऱ्या होलेस विल्बर ॲलन यानें धनुष्याच्या दोन्ही भुजांस चाकें बसविलीं आणि १९६६ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. पेटंट १९६९ च्या डिसेंबरांत मिळालें. युक्ति साधी होती. चाकाचा आंस मधोमध न ठेवितां त्यानें तो एका बाजूस ठेविला. चाक फिरूं लागलें म्हणजे आंसापासून दोरीचें अंतर वाढत जातें, आणि भुजा वांकविणाऱ्या तारेचें अंतर कमी होत जातें. पहारेनें धोंडा हलवितांना टेकूपासून दूर हात धरला म्हणजे तोच धोंडा हलका लागतो. येथेंही न्याय तोच. ओढीच्या मध्यंतरीं भार शिखरास पोंचतो आणि शेवटास एकदम उतरतो. भुजांत सांठलेली शक्ति मात्र तशीच राहते. या उतारास तिरंदाज ‘लेट-ऑफ’ म्हणतात. आम्ही त्यास सूट म्हणतों. दुष्काळी सालीं शेतसाऱ्यांत जशी सूट मिळते, तशीच ही हातास मिळालेली सूट होय.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ॲलनच्या पेटंटाचा मथळा ओढीचा जोर वाढविणाऱ्या जोडणीविषयीं बोलतो, हातास मिळणाऱ्या विसाव्याविषयीं नाहीं. परंतु शोध लावणाराचा हेतु एक असतो आणि वापरणारे त्यांतून दुसरेंच घेतात. आरंभींच्या गोल चाकांच्या धनुष्यांत सूट साधारण निम्म्यापर्यंत असे. पुढें चाकांचे आकार बदलत गेले आणि ती ६५, ८०, क्वचित् ९० टक्क्यांपर्यंत चढली. साठ पौंडांच्या धनुष्यावर ६५ टक्के सूट घेतल्यास हातांत २१ पौंड उरतात, ८० टक्के घेतल्यास १२, आणि ९० टक्के घेतल्यास अवघे ६. तेव्हां प्रश्न उभा राहिला तो हा कीं, किती सूट घ्यावी?

शिकाऱ्यांमध्यें हा प्रश्न नीतीचा झाला. १९६१ सालीं स्थापन झालेल्या ‘पोप अँड यंग क्लब’ या अमेरिकन संस्थेनें ६५ टक्क्यांहून अधिक सूट असलेल्या धनुष्यानें केलेली शिकार आपल्या नोंदींत घेण्याचें नाकारलें होतें. पुढें हा दंडक शिथिल झाला. दंडकाच्या बाजूचें म्हणणें समजण्याजोगें आहे. यंत्रच सर्व भार वाहूं लागलें, तर धनुष्य आणि बंदूक यांत अंतर तें काय उरलें? परंतु दुसरी बाजूही विचारांत घेतली पाहिजे. हरणाची वाट पाहत दोरी ओढून उभ्या राहिलेल्या माणसाचा हात थकला, तर बाण वर्मीं न लागतां जनावर जखमी होऊन रानांत तडफडत मरतें. हातास मिळालेली सूट ही अशा वेळीं जनावरावरील दयाच ठरते. आम्हांस हें दुसरें म्हणणें अधिक वजनदार वाटतें.

तथापि सूट जितकी अधिक तितकी बरी, असा याचा अर्थ नव्हे. हातांत भार अगदींच थोडा उरला, म्हणजे धनुष्य पकडण्यांतील लहानसा दोष, दोरीस गालाचा किंचित् अधिक दाब, वाऱ्याची एखादी झुळूक, यांपैकीं कोणतीही गोष्ट बाणास वांकडें वळण देऊं शकते. उरलेला भार दोरी ताठ ठेवितो, पाठीचे स्नायू जागे ठेवितो आणि धनुष्यास लक्ष्याच्या रेषेंत खेंचून धरतो. शिवाय, ओढीच्या शेवटच्या टप्प्यांत भार कमी केला कीं तेथें सांठणारी शक्तिही तितकी उणी होते.

हा हिशेब आतां महाराष्ट्रासही परका राहिलेला नाहीं. २०२३ च्या ऑगस्टांत बर्लिन येथें साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें याच चाकांच्या धनुष्यावर जगज्जेतीं झालीं. अदितीचें वय त्या वेळीं सतरा वर्षांचें होतें. या स्पर्धेंत धनुष्याची ओढ ६० पौंडांहून अधिक चालत नाहीं, आणि ५० मीटरांवरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ८ सेंटिमीटरांचें असतें. ओजसनें अंतिम सामन्यांत पंधराही बाण त्याच वर्तुळांत मारून १५० पैकीं १५० गुण मिळविले. ज्यांचें शिक्षण खांद्याचीं हाडें बदलण्याइतक्या भारावर झालें नाहीं, त्यांस असा नेम साधतां आला, हें या सवलतीचें मोठेंच देणें होय.

म्हणून आमचें मत असें आहे. सूट घ्यावी, परंतु नेम स्थिर होईल तेवढीच. हातांत धनुष्य आहे याचा हातालाच विसर पडावा, इतकी घेऊं नये. ॲस्कमला जें फार वेळ करावयाचें नव्हतें, तें धरणें आज सर्वांत मोठें अंग झालें आहे. आणि धरावयाचें म्हटलें कीं, धरण्याजोगें कांहीं तरी हातांत उरलेंच पाहिजे.