रोलर कोस्टर व त्याचा छंद

रोलर कोस्टर : उंच चढ, तीव्र उतार व वळणे असलेल्या मार्गावरून मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या बळावर धावणाऱ्या गाडीत बसून घ्यावयाचा करमणुकीचा एक प्रकार. ही संज्ञा गाडी, तिचा मार्ग व त्याचा आधार-सांगाडा या सर्वांना मिळून लावतात. करमणूक उद्यानांतील खेळांत याला अग्रस्थान मिळाले असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याभोवती एक संघटित सामुदायिक छंदही वाढीस लागला. नफ्यासाठी उभारलेले व जुने होताच मोडीत काढावयाचे साधन या अवस्थेतून रोलर कोस्टर सांस्कृतिक वारशाच्या पदवीस पोहोचले, त्यात या छंदाचा वाटा मोठा आहे.

पूर्वपीठिका : रोलर कोस्टरचा उगम रशियातील हिमघसरगुंड्यांत आढळतो. सतराव्या-अठराव्या शतकांत सेंट पीटर्झबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाडे उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतीत व ते गोठून झालेल्या बर्फावरून लोक घसरत. काही सांगाड्यांची उंची सु. २० मी. पेक्षाही अधिक असे. राणी दुसरी कॅथरिन हिच्यासाठी ओरान्येनबाउम येथे वास्तुशिल्पज्ञ आंतॉन्यो रिनाल्दी याने अशा घसरगुंडीसह एक मंडप उभारला (१७६२–७४). त्यावरून उन्हाळ्यातही चाकांच्या गाड्या सोडता येत. लाकडी उतार एकोणिसाव्या शतकात नाहीसे झाले. मंडप मात्र शिल्लक आहे.

नेपोलियनच्या काळानंतर ही करमणूक फ्रान्समध्ये रुजली. पॅरिसमध्ये १८१७ मध्ये उघडलेल्या दोन खेळांत गाड्यांची चाके मार्गाच्या खाचेत अडकवून ठेवण्याची युक्ती योजिलेली होती. फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन या भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन पर्वत’ या अर्थाचेच शब्द आहेत; उलट रशियन भाषेत त्यास ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. एका करमणुकीने देशोदेशी केलेल्या प्रवासाची ही भाषिक नोंदच होय.

अमेरिकेत या कल्पनेस वेगळीच वाट मिळाली. पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक येथे १८२७ मध्ये कोळसा वाहून नेण्यासाठी उताराचा लोहमार्ग बांधण्यात आला. भरलेले डबे स्वतःच्या भारानेच खाली येत व रिकामे डबे खेचरांकडून वर ओढवून घेत. १८७२ मध्ये बोगदा झाल्यावर कोळशासाठी या मार्गाची गरज उरली नाही. परंतु पैसे देऊन त्यावरून सफर करणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. १९३३ पर्यंत तो प्रवाशांसाठी चालू होता.

कोनी आयलंडचा काळ : आधुनिक रोलर कोस्टरचे जनकत्व सामान्यतः लामार्कस ॲड्ना टॉम्पसन (१८४८–१९१९) याला देतात. हा मोज्यांचा कारखानदार व धार्मिक वृत्तीचा गृहस्थ होता. दारूचे गुत्ते व तत्सम ठिकाणांकडे वळणाऱ्या तरुणांना निकोप व स्वस्त करमणूक मिळावी, हा त्याचा हेतू होता. जून १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिचा मार्ग सु. १८३ मी. लांबीचा, वेग ताशी सु. १० किमी. व भाडे अवघे ५ सेंट होते. एका टोकास पोहोचल्यावर उतारूंनी उतरावयाचे, नोकरांनी डबा दुसऱ्या मार्गावर चढवावयाचा व मग परतीची सफर करावयाची, अशी तिची रीत होती. लवकरच इतरांनी मार्गाची दोन्ही टोके जोडून सलग फेरी साधली व डबे साखळीने वर ओढण्याची सोय केली.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत विद्युत् ट्रामगाड्यांच्या कंपन्यांनी या खेळास मोठी चालना दिली. सुटीच्या दिवशीही ट्रामला उतारू मिळावेत म्हणून त्यांनी मार्गाच्या शेवटी उद्याने काढली. कोनी आयलंडवर स्टीपलचेस पार्क (१८९७), लूना पार्क (१९०३) व ड्रीमलँड (१९०४) ही तीन प्रख्यात उद्याने उभी राहिली. १९२० नंतरचे दशक हे लाकडी रोलर कोस्टरचे सुवर्णयुग मानतात. १९२७ मध्ये कोनी आयलंडवर सुरू झालेला ‘सायक्लोन’ (उंची सु. २६ मी.) ही त्या युगाची प्रातिनिधिक निर्मिती होय.

रचना व सुरक्षितता : गाडी पहिल्या व सर्वांत उंच चढावर यंत्राने ओढून नेतात. तेथे साठलेली स्थितिज ऊर्जा उतरताना गतिज ऊर्जेत बदलते व पुढील चढावर पुन्हा काही अंशी स्थितिज होते. घर्षण व हवेचा रोध यांमुळे ऊर्जा सतत घटत असल्याने पुढील चढ पहिल्याहून कमी उंचीचे ठेवावे लागतात. चढाच्या माथ्यावरून गाडी वेगाने खाली वळते, तेव्हा प्रवाशाचे शरीर जडत्वामुळे पूर्वीच्याच दिशेने जाऊ पाहते व क्षणभर आसनावरून उचलले जाते. या क्षणिक भारहीनतेस छंदिष्टांच्या परिभाषेत ‘एअरटाइम’ म्हणतात आणि रोलर कोस्टरची प्रतवारी पुष्कळदा तिच्यावरूनच ठरते.

या रचनेतील निर्णायक सुधारणा जॉन ए. मिलर (१८७२–१९४१) या अभियंत्याने केल्या. चढावर साखळी तुटल्यास गाडी मागे घसरू नये म्हणून त्याने अटकावाची सोय केली आणि १९१९ मध्ये रुळाखालून धावणाऱ्या चाकांचे एकस्व मिळविले. त्या चाकांमुळे गाडी रूळ सोडून उडण्याची शक्यता संपली व तीव्र उतार बांधणे शक्य झाले. पुढे आलेल्या भीतिदायक रोलर कोस्टरचा पाया अशा रीतीने सुरक्षिततेच्या शोधातूनच घातला गेला.

प्रवाशास उलटे फिरविणाऱ्या वलयाचा इतिहासही हेच सांगतो. १८९५ मधील ‘फ्लिप फ्लॅप’ या खेळातील वलय पूर्ण वर्तुळाकार होते. त्यात शिरताच शरीरावर एकदम प्रचंड भार येई व मानेस इजा होत. हा प्रश्न खऱ्या अर्थाने १९७६ मध्ये सुटला. जर्मन अभियंता व्हेर्नर श्टेंगेल याने कॅलिफोर्नियातील मॅजिक मौंटन उद्यानातील ‘रेव्होल्यूशन’ साठी रेल्वेच्या वळणांत वापरल्या जाणाऱ्या क्लोथॉइड वक्राचा उपयोग केला. या वक्राची त्रिज्या क्रमाक्रमाने बदलते. त्यामुळे वलय पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे होते व शरीरावरील भार सह्य मर्यादेत राहतो.

देखभालीतील हयगयीचे परिणाम मात्र भीषण ठरले आहेत. लंडनमधील बॅटरसी पार्क येथील ‘बिग डिपर’ वर ३० मे १९७२ रोजी गाडी तिला वर ओढणाऱ्या दोरापासून सुटली, अटकावाची यंत्रणाही निकामी ठरली आणि मागे घसरलेल्या गाडीच्या अपघातात पाच मुले दगावली. १९७४ मध्ये तेथील करमणूक उद्यान कायमचे बंद झाले.

सामाजिक बाजू : ‘सर्वांसाठी स्वस्त करमणूक’ हे ब्रीद मिरविणारी उद्याने प्रत्यक्षात सर्वांना खुली नव्हती. अमेरिकेत अनेक उद्यानांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. वॉशिंग्टननजीकच्या ग्लेन एको पार्कसमोर १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी व परिसरातील रहिवाशांनी निदर्शने केली आणि पुढील वर्षी ते उद्यान सर्वांना खुले झाले. बॉल्टिमोरजवळील ग्विन ओक पार्क येथील बंदी अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर २८ ऑगस्ट १९६३ रोजी उठली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ऐतिहासिक भाषणाने गाजलेला वॉशिंग्टनचा मोर्चा त्याच दिवशी निघाला होता. एकत्र बसून घाबरण्याचा व हसण्याचा हक्क हाही नागरी समतेचा भाग असल्याचे या लढ्यांनी दाखवून दिले.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९२९ नंतरची आर्थिक मंदी, दुसऱ्या महायुद्धातील साहित्याची टंचाई, आगी, ट्रामगाड्यांचा अस्त व शहरांतील जमिनीच्या वाढत्या किंमती यांमुळे शेकडो रोलर कोस्टर पाडले गेले. सुवर्णयुगात अमेरिकेतील त्यांची संख्या दीड हजाराच्या वर गेल्याचे मानतात; १९६० च्या सुमारास ती दोनशेच्याही खाली आली. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नेलँडने एका कल्पनासूत्राभोवती गुंफलेल्या उद्यानाचा नवा नमुना पुढे ठेवला. तेथील ‘मॅटरहॉर्न’ (१९५९) या खेळात नळीच्या आकाराचे पोलादी रूळ प्रथम वापरण्यात आले व पोलादी रोलर कोस्टरचे युग सुरू झाले. लाकडी प्रकाराकडे लोकांचे लक्ष पुन्हा वेधले ते ओहायओ राज्यातील किंग्ज आयलंड उद्यानातील जॉन ॲलनकृत ‘रेसर’ (१९७२) याने.

छंदाचे स्वरूप : रोलर कोस्टर या छंदाला संघटित रूप येण्यास १९७७ मधील एक प्रसंग निमित्त ठरला. रोलरकोस्टर या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी व्हर्जिनियातील किंग्ज डोमिनियन उद्यानात दीर्घकाळ फेऱ्या मारण्याची स्पर्धा भरविण्यात आली. त्या निमित्ताने एकत्र आलेल्या व तोवर आपण एकटेच असे वेडे आहोत असे समजणाऱ्या काही जणांनी १९७८ मध्ये ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स’ ही संस्था स्थापन केली. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये ‘रोलर कोस्टर क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ व १९९६ मध्ये ‘यूरोपियन कोस्टर क्लब’ या संस्था निघाल्या.

पक्षिनिरीक्षक जशी पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवतो, तशी छंदिष्ट आपण बसलेल्या रोलर कोस्टरची मोजदाद ठेवतात. वार्षिक संमेलनांच्या वेळी उद्याने सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी उघडण्यापूर्वी वा मिटल्यानंतर त्यांना स्वतंत्र फेऱ्यांची सवलत देतात. पुढच्या आसनावरून दृश्य चांगले दिसते की मागच्या आसनावर उताराचा झटका अधिक बसतो, लाकडी मार्गाची थरथर हा गुण की दोष, यांवर त्यांच्यात अखंड वाद चालतात. नियतकालिके, छायाचित्रे, जुन्या आराखड्यांचा संग्रह व १९९६ पासून संगणकीय जालावर उपलब्ध असलेला ‘रोलर कोस्टर डेटाबेस’ हा सूचिकोश यांमुळे या छंदाला अभ्यासाची जोड मिळाली. एरव्ही एकमेकांशी कोणताही संबंध नसलेली, विविध वयांची व व्यवसायांची माणसे तीन मिनिटांच्या समान अनुभवावरून जोडली जातात, हे याचे सामाजिक वैशिष्ट्य होय.

जतनाचे कार्य : रोलर कोस्टरप्रेमींच्या व स्थानिक नागरिकांच्या प्रयत्नांतून अनेक जुन्या रचना वाचल्या. सॅन डिएगो येथील ‘जायंट डिपर’ (१९२५) १९७६ मध्ये बंद पडला होता. नागरिकांनी समिती स्थापून तो पाडू दिला नाही. त्यास १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला व १९९० मध्ये तो पुन्हा सुरू झाला. पेनसिल्व्हेनियातील ॲल्टूना येथील ‘लीप द डिप्स’ (१९०२) हा अस्तित्वात असलेला सर्वांत जुना रोलर कोस्टर मानला जातो. १९८५ मध्ये बंद पडल्यावर तो १९९९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागला. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथील उद्यान १९८० मध्ये बंद झाल्यावर तेथील ‘रॉकेट’ या रोलर कोस्टरचे भाग सुटे करून, त्यांवर खुणा घालून, दोन हजार किमी. पेक्षा अधिक अंतरावरील नोबल्स या पेनसिल्व्हेनियातील उद्यानात नेले व १९८५ मध्ये ‘फीनिक्स’ या अन्वर्थक नावाने तो पुन्हा उभा केला. इंग्लंडमधील मार्गेट येथील ‘सीनिक रेल्वे’ (१९२०) २००२ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत आली होती. २००८ मध्ये ती जाळपोळीत बरीच नष्ट झाली. तथापि लोकांनी चालविलेल्या मोहिमेमुळे तिची पुनर्बांधणी होऊन २०१५ मध्ये ती सुरू झाली.

या कार्यात एक मूलभूत पेच आहे. लाकडी रोलर कोस्टरच्या फळ्या व रूळ सतत बदलावे लागत असल्याने काही दशकांनी मूळचे लाकूड फारसे उरत नाही. तेव्हा जतन करावयाचे ते साहित्याचे, आराखड्याचे की अनुभवाचे, असा प्रश्न उपस्थित होतो. टेक्ससमधील ‘टेक्सस जायंट’ (१९९०) च्या लाकडी सांगाड्यावर २०११ मध्ये पोलादी रूळ बसविण्यात आले व त्यानंतर तशा रूपांतरांची प्रथाच पडली. गाडी त्यामुळे अधिक वेगवान व सुखद होते आणि बंद पडू पाहणारा सांगाडा वाचतो. परंतु मूळ रोलर कोस्टर नाहीसा होतो, असे परंपरावादी मानतात. याविषयी छंदिष्टांत आजही दोन तट आहेत.

उच्चांकांचे मोल किती क्षणिक असते, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. १९८९ मध्ये सीडर पॉइंट येथील ‘मॅग्नम’ ने ६० मी. उंची ओलांडली. २००५ मध्ये न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ ने १३९ मी. उंची गाठून जागतिक उच्चांक केला. पण २०२४ मध्ये तो बंद झाला व २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी उंचीचा कोनी आयलंडवरील ‘सायक्लोन’ मात्र १९८८ पासून न्यूयॉर्क शहराची संरक्षित वास्तू म्हणून मान्यता पावून टिकून आहे.

भारत : भारतात सार्वजनिक करमणुकीचे जुने केंद्र म्हणजे जत्रा. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये हातांनी फिरवावयाचे लाकडी रहाटपाळणे व चक्रे दीर्घकाळ लोकप्रिय होती. पुढे त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या आकाशपाळण्यांनी घेतली. स्थायी करमणूक उद्यानांचे युग दिल्लीतील ‘अप्पू घर’ (१९८४–२००८) पासून सुरू झाले. मुंबईत गोराई येथील ‘एस्सेलवर्ल्ड’ १९८९ मध्ये उघडले व २०२२ मध्ये बंद झाले. शाळेची सहल व बोटीने केलेला खाडीप्रवास यांच्याशी निगडित असे हे उद्यान महाराष्ट्रातील एका पिढीच्या स्मरणाचा भाग बनले. कोलकात्यात ‘निको पार्क’ १९९१ मध्ये सुरू झाले. खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ (२०१३) येथील ‘नायट्रो’ हा तळाविना आसनांचा मोठा पोलादी रोलर कोस्टर आहे. पाश्चात्त्य देशांतील संस्थांनी आपल्या उद्यानांचे आराखडे, छायाचित्रे व आठवणी जपून ठेवल्या, म्हणून तेथील इतिहास लिहिता आला. आपल्याकडील उद्याने व जत्रांतील जुने पाळणे यांची अशी पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. कारण करमणुकीची साधने लोकांना सर्वाधिक प्रिय असली, तरी काळाच्या ओघात तीच सर्वांत आधी नामशेष होतात.