उणे सांगावे कसे?

नोकरी मागताना आपले उणे किती सांगावे, हा पेच जुनाच. श्रीनिवास रामानुजन यांनी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी केलेला अर्ज पाहा. गणितापुढे बाकीच्या विषयांकडे पाठ फिरविल्याने ते एफ. ए.त नापास झाले होते. अर्जात मात्र 'नापास' हा शब्दच नाही! प्रतिकूल परिस्थितीमुळे एफ. ए.पुढे शिकता आले नाही, इतकेच लिहिले. ही लपवाछपवी काय? मला तसे वाटत नाही. शिक्षण अपुरे, हे त्यांनी कबूल केले. आणि सारा काळ गणितात घालविला, हेही लगेच सांगितले. दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली.

१६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या हार्डींना लिहिताना ते अधिक मोकळे झाले: विद्यापीठाचे शिक्षण नाही. वय तेवढे सुमारे २३ लिहिले, होते २५! सोबत प्रमेयांची पाने जोडली.