तीन किलोमीटरची झुंज : नौदल वैमानिकांचे वेगविक्रम

विमानाच्या वेगाचा जागतिक विक्रम नोव्हेंबर १९२३ च्या पहिल्या आठवड्यात दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोडला गेला. दोन्ही वेळा ठिकाण एकच होते - न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड. विमानेही एकाच बनावटीची होती आणि विक्रम करणारे दोघेही अमेरिकी नौदलाचे लेफ्टनंट होते. २ नोव्हेंबरला हॅरॉल्ड ब्रो यांनी ताशी ४१७ किलोमीटरचा वेग गाठला, तर ४ नोव्हेंबरला अल्फर्ड विल्यम्स यांनी तो ४२९ किलोमीटरवर नेला. ज्या दलाचे सारे आयुष्य जहाजांभोवती फिरते, त्याला कोरड्या जमिनीवरून उडणाऱ्या जगातील सर्वांत वेगवान विमानाची गरज का भासावी, हा प्रश्न या आकडेवारीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर क्रीडांगणावर नव्हे, तर वॉशिंग्टनच्या राजकारणात सापडते.

अस्तित्वाचा प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी खर्चाला मोठी कात्री लागली. त्याच सुमारास लष्कराच्या हवाई शाखेतील ब्रिगेडियर जनरल बिली मिचेल यांनी एक खळबळजनक मांडणी सुरू केली. विमानांपुढे युद्धनौका निरुपयोगी ठरणार असून साऱ्या विमानदलांचा कारभार एका स्वतंत्र हवाई दलाकडे सोपवावा, असा त्यांचा आग्रह होता. जुलै १९२१ मध्ये त्यांच्या वैमानिकांनी 'ओस्टफ्रीसलांट' ही जप्त केलेली जर्मन युद्धनौका बॉम्ब टाकून बुडवून दाखवली. या प्रात्यक्षिकाने नौदलातील जुन्या अधिकाऱ्यांची झोप उडाली. मात्र सर्वांत अवघड अवस्था झाली ती नौदलाच्या वैमानिकांची. स्वतःच्या दलात त्यांना पुरेसा मान नव्हता आणि बाहेर मिचेल त्यांची शाखाच गिळंकृत करू पाहत होते.

याच वर्षी नौदलाने स्वतंत्र विमान विभाग स्थापन केला आणि त्याच्या प्रमुखपदी रिअर अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेट यांची नेमणूक झाली. मॉफेट मुत्सद्दी होते. काँग्रेसचे सदस्य आणि वृत्तपत्रे यांचे मन वळवायचे असेल, तर तांत्रिक अहवालापेक्षा एखादा विक्रम अधिक बोलका ठरतो, हे त्यांनी ओळखले. मार्च १९२२ मध्ये 'लँगले' ही अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका सेवेत आली होती. पण ती प्रयोगावस्थेत होती. जनतेला दिसेल आणि समजेल अशी गोष्ट म्हणजे शर्यत.

लष्कराचेही गणित तेच होते. ऑक्टोबर १९२२ मध्ये डेट्रॉइटजवळ झालेल्या पुलित्झर शर्यतीत लष्कराच्या रसेल मॉन आणि लेस्टर मेटलँड यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले. ब्रो आणि विल्यम्स यांना तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. चारच दिवसांनी खुद्द मिचेल यांनी ताशी सुमारे ३५९ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला. नौदलाला हा टोला चांगलाच लागला.

वेगामागचे तंत्र

लष्कर आणि नौदल एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले, तरी दोघांचीही शर्यतीची प्रमुख विमाने बनवणारी कंपनी एकच होती - कर्टिस. या कंपनीने वेगाच्या वाटेतील अडथळे एकेक करून दूर केले. 'डी-१२' हे तिचे बारा सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन समोरून अरुंद होते. त्यामुळे विमानाचे नाक निमुळते ठेवता आले. इंजिनातील पाणी थंड करणारा रेडिएटर एरवी विमानाच्या बाहेर येऊन वारा अडवत असे. कर्टिसच्या अभियंत्यांनी तो पातळ, पन्हळी पत्र्याच्या रूपात थेट पंखांच्या पृष्ठभागावर बसवला आणि हवेचा तो अडथळा जवळजवळ नाहीसा केला.

तिसरी सुधारणा प्रोपेलरची होती. लाकडी प्रोपेलरची पाती जाड ठेवावी लागत. त्यांची टोके आवाजाच्या वेगाच्या जवळ पोचू लागली, की इंजिनाची शक्ती वाया जाई. सिल्व्हॅनस रीड यांनी ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूच्या एकसंध तुकड्यापासून पातळ पात्यांचा प्रोपेलर तयार केला. या साऱ्याचा मिलाफ १९२३ च्या 'आर-२-सी-१' या दुपंखी विमानात झाला. त्याच्या इंजिनाची शक्ती ५०० अश्वशक्तीच्या आसपास होती.

काऊजचा धक्का

त्याच वर्षी नौदलाने आपले बळ युरोपात आजमावले. फ्रेंच उद्योगपती जाक श्नायडर यांनी १९१२ मध्ये सागरी विमानांसाठी जाहीर केलेला करंडक प्रतिष्ठेचा मानला जाई. सलग पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाकडे तो कायमचा राहणार, असा नियम होता. २८ सप्टेंबर १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावरील काऊज येथे झालेल्या शर्यतीत लेफ्टनंट डेव्हिड रिटनहाउस यांनी ताशी २८५ किलोमीटरच्या सरासरीने पहिला क्रमांक मिळवला. त्यांचेच सहकारी रटलेज अर्व्हाइन दुसरे आले. आदल्या वर्षीचे विजेते ब्रिटिश वैमानिक हेन्री बिआर्ड ताशी सुमारे २५३ किलोमीटर वेगाने तिसरे आले.

या पराभवाइतकीच अमेरिकी संघाची पद्धत ब्रिटनला बोचली. तोवर कंपन्या आणि हौशी धनिक आपापल्या जबाबदारीवर विमाने उतरवीत. येथे मात्र गणवेशातील अधिकारी सरकारी खर्चाने, महिनोन्महिने सराव करून आले होते. क्रीडास्पर्धेत सरकारने संघ उतरवणे रीतीला धरून नाही, असा सूर ब्रिटिश वृत्तपत्रांतून उमटला. चारच वर्षांनी ब्रिटननेही आपल्या हवाई दलाचा संघ याच करंडकासाठी उतरवला, ही त्यातील गंमत.

पाऊण सेकंदाचे अंतर

६ ऑक्टोबर १९२३ रोजी सेंट लुईस येथे झालेल्या पुलित्झर शर्यतीत नौदलाने लष्कराचा हिशेब चुकता केला. विल्यम्स ताशी सुमारे ३९२ किलोमीटरच्या सरासरीने पहिले, तर ब्रो सुमारे ३८९ किलोमीटरने दुसरे आले. पहिले चारही क्रमांक नौदलाकडे गेले. मार्चमध्ये लष्कराच्या मॉन यांनी नोंदवलेला ताशी ३८० किलोमीटरचा सरळ रेषेतील जागतिक विक्रम वळणे घेत झालेल्या या शर्यतीतच मागे पडला होता. अधिकृत विक्रमाचा प्रयत्न ही आता केवळ औपचारिकता उरली होती. प्रश्न एवढाच होता, की दोघांपैकी तो कोणाच्या नावावर लागणार?

विक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने ठरवलेले होते. जमिनीलगत आखलेल्या तीन किलोमीटरच्या सरळ मार्गावरून चार फेऱ्या मारायच्या, दोन एका दिशेने आणि दोन उलट दिशेने. वाऱ्याचा फायदा एका दिशेला मिळाला तर दुसऱ्या दिशेला तो वजा व्हावा, हा त्यामागचा हेतू. चारही फेऱ्यांची सरासरी हाच अधिकृत वेग.

ब्रो यांच्या वेगाने तीन किलोमीटर पार करायला २५.९ सेकंद लागतात. विल्यम्स यांच्या वेगाने २५.२ सेकंद. म्हणजे दोघांत जेमतेम पाऊण सेकंदाचे अंतर होते. ते मिळवण्यासाठी वैमानिकाने मार्गावर अचूक, सरळ आणि जमिनीच्या शक्य तितके जवळ राहायचे, यंत्र पूर्ण ताकदीने चालवायचे आणि टोकाला वळून पुन्हा तेच करायचे. एवढ्या वेगात इतक्या कमी उंचीवर हाताची किंचित चूकही सुधारायला वेळ मिळत नाही. दोघेही एकाच दलाचे, एकाच सरावातून आलेले. यंत्रात फारसा फरक नसताना उरतो तो केवळ माणसाचा धीर, आणि नेमकी तीच बाब या चुरशीला धोकादायक बनवत होती.

वेगाची किंमत

शर्यतीच्या विमानांचे पंख वेगासाठी आखूड केलेले असत. त्यामुळे ती उतरतानाही फार वेगात असत आणि इंजिन बंद पडल्यास वैमानिकाला जागा शोधायला फारसा अवधी उरत नसे. तीव्र वळणांवर डोक्यातील रक्त खाली ओढले जाऊन डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा अनुभव वैमानिकांना येऊ लागला होता. त्यावर उपाय शोधणारे वैद्यकशास्त्र मात्र अजून बाल्यावस्थेत होते.

मिचेल फील्डवर विक्रम घडवणाऱ्या जोडीतील एक विमान नौदलाने नंतर लष्कराला अवघ्या एक डॉलरला दिले. २ सप्टेंबर १९२४ रोजी पुलित्झर शर्यतीच्या सरावात ते कोसळले आणि लष्कराचे लेफ्टनंट अलेक्झांडर पिअर्सन ठार झाले. १९२६ मध्ये श्नायडर शर्यतीच्या तयारीत मरीन दलाचे हार्मन नॉर्टन सप्टेंबरमध्ये आणि नौदलाचे फ्रँक कोनंट ऑक्टोबरमध्ये मृत्युमुखी पडले. आकड्यांच्या तक्त्यात ही नावे नसतात.

हातचा करंडक

१९२४ मध्ये श्नायडर शर्यत अमेरिकेत व्हायची होती. पण परदेशी स्पर्धकच येऊ शकले नाहीत. नियमानुसार अमेरिकेच्या एका विमानाने एकट्याने मार्ग पार केला असता, तरी तो विजय धरला गेला असता. अमेरिकेने खिलाडूपणे शर्यतच रद्द केली. १९२५ मध्ये बाल्टिमोरला लष्कराच्या जेम्स डूलिटल यांनी ताशी ३७४ किलोमीटरच्या सरासरीने विजय मिळवला. नौदलाचे जॉर्ज कडिही आणि राल्फ ऑफ्स्टी यांना यंत्रातील बिघाडामुळे शर्यत पुरी करता आली नाही. सागरी विमानांच्या शर्यतीत नौदलाच्या डोळ्यांदेखत लष्कराने बाजी मारावी, याचे शल्य मोठे होते. १९२४ चा विजय पदरात पाडून घेतला असता, तर करंडक याच दिवशी कायमचा अमेरिकेचा झाला असता.

१३ नोव्हेंबर १९२६ रोजी व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्स येथे शेवटची संधी होती. नवी विमाने बनवायला पैसा मिळाला नाही. जुन्याच सांगाड्यांत अधिक शक्तीची इंजिने बसवावी लागली. उलट इटलीने मुसोलिनीच्या हुकमावरून मॅकी कंपनीचे नवे विमान उतरवले. कडिही यांच्या विमानाचा इंधनपंप बिघडला. एका हाताने पंप मारीत, दुसऱ्या हाताने विमान सांभाळीत ते अखेरच्या फेरीपर्यंत टिकले. पण विजयरेषा दृष्टिपथात असताना इंजिन बंद पडले. इटलीचे मारिओ दे बेर्नार्दी ताशी ३९७ किलोमीटरच्या सरासरीने जिंकले. मरीन दलाचे ख्रिश्चन शिल्ट दुसरे आले. यानंतर अमेरिकी सरकारने या करंडकासाठी पुन्हा अधिकृत संघ पाठवला नाही.

याला पैशाइतकेच आणखी एक कारण होते. विमानवाहू नौकेच्या आखूड तळावर उतरायला हळू उतरणारे, भक्कम विमान लागते. शर्यतीचे विमान नेमके त्याच्या उलट. नौदलाच्या विमान शाखेचे स्थान एव्हाना पक्के झाले होते आणि 'लेक्झिंग्टन' व 'साराटोगा' या प्रचंड विमानवाहू नौकांची बांधणी सुरू होती. विक्रमाने आपले राजकीय काम बजावले होते.

वारसा कोणाचा?

विल्यम्स यांचा जमिनीवरील विक्रम डिसेंबर १९२४ मध्ये फ्रान्सच्या फ्लोरँतँ बॉने यांनी ताशी ४४८ किलोमीटरचा वेग गाठून मोडला. विल्यम्स मात्र वेगाचा नाद सोडू शकले नाहीत. खासगी मदतीने विमाने बांधून ते श्नायडर करंडकाच्या मागे लागले. पण १९२७ आणि १९२९, दोन्ही वेळा त्यांचे विमान शर्यतीपर्यंत पोचू शकले नाही. १९३० मध्ये त्यांनी नौदलाचा राजीनामा दिला. कडिही १९२९ मध्ये एका ब्रिटिश लढाऊ विमानाची चाचणी घेताना ठार झाले. डूलिटल यांचे १९२५ चे विजेते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

या चढाओढीचा सर्वांत मोठा लाभ अखेर अमेरिकेला नव्हे, ब्रिटनला झाला. काऊजच्या शर्यतीने प्रभावित झालेले उद्योजक रिचर्ड फेअरी यांनी डी-१२ इंजिन ब्रिटनमध्ये आणले. त्यावर चालणारे 'फॉक्स' बॉम्बफेकी विमान तेव्हाच्या ब्रिटिश लढाऊ विमानांनाही मागे टाकू लागले. सरकार खडबडून जागे झाले आणि रोल्स-रॉइसने तशाच धर्तीवर 'केस्ट्रेल' हे इंजिन विकसित केले. १९२३ मध्ये बिआर्ड यांचे हरलेले विमान ज्यांनी तयार केले होते, ते सुपरमरीनचे अभियंता आर. जे. मिचेल यांनी त्या पराभवानंतर संपूर्ण नवी वाट धरली. त्यांच्या विमानांनी १९२७, १९२९ आणि १९३१ असा सलग तीनदा विजय मिळवून करंडक कायमचा ब्रिटनकडे आणला. १९३१ मध्ये इटली आणि फ्रान्स यांनी मुदतवाढ मागितली होती. ब्रिटनने ती नाकारली आणि एकट्याने उड्डाण करून विजय नोंदवला. अमेरिकेने १९२४ मध्ये नाकारलेला मार्ग तो हाच.

या अनुभवातूनच मिचेल यांनी पुढे 'स्पिटफायर' साकारले. त्याचे पहिले उड्डाण १९३६ मध्ये झाले आणि चारच वर्षांत ब्रिटनच्या आकाशाचे रक्षण करण्याची वेळ त्याच्यावर आली. अमेरिकी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी आपल्या शाखेचे अस्तित्व टिकवण्यासाठी जो वेग गाठला, त्याचे मोल सर्वप्रथम कळले ते त्यांच्याकडून हरलेल्या देशाला.