दगड, काच आणि भिंग : बुलढाणा जिल्ह्यातील निकट छायाचित्रणाची वाटचाल

बुलढाणा जिल्ह्याच्या भूतकाळाचा पुरावा दोन टोकांच्या आकारांत विखुरलेला आहे. एका टोकाला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे, तर दुसऱ्या टोकाला त्याच विवराच्या काठावरील मातीत सापडणारे, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असलेले काचेचे गोलक आहेत. या दोहोंच्या मध्ये लोणारच्याच दैत्यसूदन मंदिराच्या छतावरील बोटभर उंचीच्या आकृती, मेहकर आणि सातगावच्या जुन्या वास्तूंवरील कोरीवकाम आणि घराघरांतून जपलेले मोडी लिपीतील कागद येतात. मोठ्या वस्तूंचे चित्र दुरून घेता येते, परंतु लहान वस्तूंसाठी कॅमेरा जवळ न्यावा लागतो, आणि कॅमेरा जवळ नेला की सर्वसाधारण भिंग निरुपयोगी ठरू लागते. वस्तूची कॅमेऱ्यातील पडद्यावरील, म्हणजे फिल्मवरील किंवा संवेदकावरील, प्रतिमा तिच्या मूळ आकाराच्या दशांशापासून मूळ आकाराएवढी किंवा त्याहून मोठी उमटवण्याच्या कलेला निकट छायाचित्रण म्हणतात. या कलेची साधने ज्या क्रमाने घडली, तो क्रम बुलढाण्यातील पुराव्याशी ताडून पाहिला असता असे दिसते, की प्रत्येक भिंगामागे आणि प्रत्येक जोडसाधनामागे एखाद्या ठरावीक वस्तूची गरज उभी होती. म्हणून साधनाची निवडही वस्तूपासूनच सुरू व्हायला हवी.

लोणारचा काचेशी संबंध छायाचित्रणाहून कितीतरी जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या परिसराची नोंद आहे आणि काच व साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात असे त्यात सांगितले आहे. सरोवराचे पाणी खारे आणि तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे त्यातील क्षार हा शतकानुशतके व्यापाराचा माल होता. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची दखल घेतली, आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर येथील देवळांकडे व शिल्पांकडे पाहणाऱ्यांची ये-जा वाढली.

कॅमेरा या भागात आला तो अजिंठ्याच्या वाटेने. मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल याची 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी नेमणूक झाली होती. 1850 च्या दशकात त्याने छायाचित्रणही हाती घेतले, आणि 1864 मध्ये वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांचे दोन संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांच्या शंभर चित्रांच्या संग्रहात लोणारच्या देवळांचा समावेश आहे. ही चित्रे जोडचित्रे होती, म्हणजे डोळ्यांमधील अंतराइतक्या अंतरावर बसवलेल्या दोन भिंगांनी एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा टिपायच्या आणि त्या विशेष चष्म्यातून पाहून खोलीचा प्रत्यय घ्यायचा, अशी ती पद्धत होती. गिलच्या रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, त्यामुळे त्याच्या छायाचित्रांचे मोल आणखी वाढले.

तथापि गिलच्या या चित्रांत देऊळ दिसते, पण देवळावरील एखाद्या मूर्तीचे बोट दिसत नाही, आणि त्याला त्या काळच्या साधनांची घडण कारण होती. दूरच्या वस्तूची प्रतिमा जेथे स्पष्ट उमटते त्या जागेपर्यंतच्या भिंगापासूनच्या अंतराला नाभीय अंतर म्हणतात. वस्तू जवळ आली की तिची प्रतिमा भिंगापासून आणखी मागे सरकते, त्यामुळे भिंग आणि काचेची प्लेट यांच्यातील अंतर वाढवावे लागते. वस्तू नाभीय अंतराच्या दुपटीवर ठेवली, तर प्लेटही तेवढ्याच अंतरावर न्यावी लागते आणि तेव्हा प्रतिमा मूळ वस्तूएवढी होते. हे अंतर वाढवण्यासाठी जुन्या कॅमेऱ्यांना घडीचा कातडी किंवा कापडी भाता असे. परंतु अंतर दुप्पट झाले की प्लेटवर पडणारा प्रकाश एकचतुर्थांश उरतो आणि प्लेटला प्रकाश देण्याचा वेळ चौपट होतो. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत प्लेटवर लेप देऊन ती ओली असतानाच चित्र टिपून धुवावी लागे. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात ती लवकर सुके, आणि गाभाऱ्याच्या अंधारात चौपट वेळ देणे जवळजवळ अशक्य होई. शिवाय जोडचित्रातील दोन भिंगांमधील अंतर फार जवळच्या वस्तूसाठी जास्त ठरते आणि दोन प्रतिमा डोळ्यांत जुळत नाहीत.

भिंग जेथे पोहोचत नव्हते तेथे अभ्यासकांनी कागद पोहोचवला. शिलालेखावर ओला कागद चिकटवून, ब्रशने ठोकून आणि त्यावर शाई फिरवून ठसा घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकात पुराभिलेखाच्या अभ्यासाचा कणा बनली. 1854 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही 1860 च्या दशकात अजिंठ्याचे लेख अशा प्रत्यक्ष प्रतींच्या आधारे वाचले. ठशाची मोठी ताकद अशी, की त्यात अक्षर नेहमी एकास एक आकाराचे येते आणि कोणतेही भिंग त्याला वाकवत नाही; मात्र ठशात रंग येत नाही, आणि ठिसूळ दगडाला ओल व ठोके सोसत नाहीत. पुढे पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स याने वऱ्हाडातील अवशेषांची यादी 1897 मध्ये प्रसिद्ध केली आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्याच्या 1931 च्या ग्रंथात लोणारच्या मंदिराचे सविस्तर वर्णन आले. कझिन्सच्या काळापर्यंत 1871 च्या शोधातून निघालेल्या कोरड्या जिलेटिन प्लेटा आणि 1866 पासून मिळू लागलेली समरचित भिंगे प्रचारात आली होती. ज्या भिंगाचे पुढचे व मागचे अर्ध परस्परांसारखे असतात ते समरचित भिंग. एका अर्धाने सरळ रेषेला दिलेला बाक दुसरा अर्ध काढून टाकतो, आणि प्रतिमा वस्तूएवढी असताना हा गुण सर्वांत पूर्ण असतो, म्हणून स्तंभ, चौकटी आणि नक्षीच्या पट्ट्या टिपण्यास ही भिंगे उत्तम ठरली.

1925 मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आल्यावर कॅमेरा खिशात मावू लागला, पण भाता गेल्याने तो जवळ पाहणे विसरला. ही उणीव भरून काढण्यासाठी जोडसाधनांची पिढी जन्मली, आणि 1936 च्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्याने भिंगातूनच आरशाच्या साहाय्याने वस्तू पाहण्याची सोय केल्यावर ती साधने बिनचूक वापरता येऊ लागली. या साधनांत दोन मूळ जाती आहेत. पहिली क्लोजअप भिंगाची : मुख्य भिंगापुढे बसवायचे हे एक बहिर्वक्र भिंग असते आणि त्याची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. 4 डायॉप्टरचे भिंग लावले की वस्तू सुमारे 25 सेंटिमीटरवर स्पष्ट होते. त्यामागे 50 मिलिमीटरचे भिंग असल्यास प्रतिमा वस्तूच्या पंचमांश येते, 200 मिलिमीटरचे असल्यास चारपंचमांश येते, आणि प्रकाश जवळजवळ घटत नाही. दुसरी जात एक्स्टेन्शन ट्यूबची, म्हणजे कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ कड्याची : 50 मिलिमीटरच्या भिंगामागे 25 मिलिमीटरचे कडे प्रतिमा निम्म्या आकाराची करते आणि 50 मिलिमीटरचे कडे वस्तूएवढी, परंतु तितका प्रकाशही खर्ची पडतो. लांब भिंगाला क्लोजअप भिंग आणि आखूड भिंगाला कडे अधिक मानवते, हा व्यावहारिक नियम या हिशोबातूनच निघतो. आयातीवर निर्बंध असलेल्या दशकांत बडोद्यात बनणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री भारतीय घरांत पोहोचला. अशा स्थिर फोकसच्या, भिंग न निघणाऱ्या कॅमेऱ्याला पुढे लावायचे भिंग हाच जवळ जाण्याचा एकमेव मार्ग होता.

केवळ निकट कामासाठी घडवलेली मॅक्रो भिंगे यानंतर आली. 1955 मध्ये किलफिट कंपनीने छोट्या कॅमेऱ्यासाठी माक्रो-किलार आणले, आणि पुढच्याच वर्षी निकॉनने मायक्रो-निक्कोर काढले. जपानी लिपीतील दाट रेघांची चिन्हे मायक्रोफिल्मवर वाचनीय राहावीत ही गरज त्यामागे होती. सपाट पानाचे मध्य आणि कोपरे सारख्याच स्पष्टतेने टिपण्याचा त्या भिंगाचा गुण जाधव घराण्याच्या सिंदखेडराजाच्या प्रदेशातील मोडी दस्तांना नेमका लागू पडतो, कारण मोडीत एका बारीक वळणाने अक्षर बदलते आणि कडेला पुसट झालेल्या ओळीतच बहुधा तारीख किंवा नाव असते. भिंगाभोवती बसणारा गोलाकार फ्लॅशही 1950 च्या दशकात दंतवैद्यांच्या गरजेतून पुढे आला. तोंडाच्या पोकळीत सावली न पाडणारा हा प्रकाश दातांसाठी योग्य आहे, परंतु शिल्पासाठी घातक आहे, कारण कोरीवकामाचा अर्थ सावलीतच असतो. झिजलेल्या रेषा वाचायच्या असतील तर प्रकाश एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर यावा लागतो.

लोणारच्या दगडाने मात्र मॅक्रो भिंगाच्याही पुढचे काम मागितले. 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हे विवर बेसाल्ट खडकात उल्काघाताने झाले असल्याचे प्रतिपादन केले; विवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांतील मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या दाबाने फेल्डस्पार खनिजाचे झालेले काचरूप, हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. विवराकाठचा मिलिमीटरभर काचेचा गोलक एकास एक प्रमाणात टिपल्यास 36 मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर तोही मिलिमीटरभरच उमटतो. तो पाहण्याजोगा करण्यास पाचपट किंवा अधिक वर्धन लागते. येथे भाता पुन्हा उपयोगी पडतो, आणि रिव्हर्स रिंग हे कडे लावून भिंग उलटे बसवणे हितकर ठरते, कारण साधे भिंग दूरच्या वस्तूसाठी व जवळच्या लहान प्रतिमेसाठी घडवलेले असते आणि प्रतिमा वस्तूहून मोठी झाली की दोहोंच्या भूमिका बदलतात. याची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते : एकास एक प्रमाणात भिंगाचे छिद्र f/8 इतके लहान ठेवूनही सुमारे मिलिमीटरभर जाडीच स्पष्ट येते, आणि छिद्र फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे छिद्राच्या कडांशी किरण पसरल्याने, सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून थोडाथोडा फोकस सरकवत अनेक चित्रे घेऊन संगणकावर ती एकत्र करण्याची पद्धत रूढ झाली.

जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा या साधनांची सीमाही स्पष्ट झाली. तो रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापात मोजले जाणारे हे जीव कॅमेऱ्याच्या कोणत्याही जोडसाधनाच्या टप्प्याबाहेर आहेत. तेथून सूक्ष्मदर्शकाचे राज्य सुरू होते. उलट सरोवराकाठची फुलपाखरे आणि चतुर निम्म्या प्रमाणातही पुरेसे दिसतात, पण ते उडून जातात, म्हणून त्यांच्यासाठी भिंगाचे तोंड आणि वस्तू यांतील मोकळे अंतर महत्त्वाचे असते आणि 100 मिलिमीटर किंवा त्याहून लांब मॅक्रो भिंग हवे असते.

2024 मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजी जाधव यांच्या छत्रीच्या संवर्धनकामात शेषशायी विष्णूची मूर्ती उजेडात आली. सुमारे 1.70 मीटर लांबीच्या या शिल्पावर समुद्रमंथनाचा पट कोरलेला आहे; तेथे पूर्ण मूर्तीसाठी एक भिंग, पटासाठी दुसरे आणि छिन्नीच्या खुणांसाठी तिसरे लागते. वस्तू किती मोठी आहे, ती किती जवळ येऊ देते, ती सपाट आहे की उंचसखल, आणि तिच्यावर प्रकाश कोठून टाकता येतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा महागड्या भिंगाऐवजी एखादे साधे कडे किंवा दोन काचा जोडून केलेले, रंगाची किनार कमी करणारे क्लोजअप भिंगही काम भागवते. त्याबरोबर प्रत्येक निकट चित्रात मोजपट्टी ठेवणे आणि वर्धनाचे प्रमाण नोंदवणे अनिवार्य मानले पाहिजे, कारण मापाशिवाय घेतलेल्या निकट चित्रात मिलिमीटरचा गोलक आणि हातभर गोटा सारखेच दिसतात. ठसा घेणाऱ्यांना एकास एक प्रमाण कागदानेच दिले होते. भिंग वापरणाऱ्याने ते स्वतः लिहून ठेवायचे असते. बुलढाण्याच्या देवळांतील दगड दरवर्षी पावसाने झिजत आहे आणि मोडी कागद कसरीने खाल्ले जात आहेत, अशा वेळी मापासह घेतलेले प्रत्येक निकट चित्र पुढील अभ्यासकासाठी मूळ पुराव्याइतके मोलाचे ठरणार आहे.