ओस गोठ्यात कोंबड्यांचा निवारा

शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या घटल्या आणि परसातील अनेक गोठे ओस पडले. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथसारख्या तालुक्यांत परसातील कुक्कुटपालनासाठी असा गोठा अल्प खर्चात उपयोगी ठरू शकतो. मात्र गुरांना मानवणारी जागा कोंबड्यांना जशीच्या तशी मानवत नाही.

कोंबडीला घाम येत नाही. शरीरातील उष्णता ती मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्यामुळे बंद भिंती आणि तापलेले पत्रे तिच्या जिवावर बेततात. लांबीकडील भिंती दीड-दोन फूट ठेवून वर बारीक जाळी बसवावी आणि पत्र्यावर तुराट्या पसराव्यात. मुंगूस व साप शिरू नयेत म्हणून गव्हाणीखालील बिळे बुजवावीत.

जमिनीवरील जुनी शेणमाती खरवडून चुना मारावा आणि दोन-तीन इंच जाडीचा कोरडा भुसा अंथरावा. भुसा ओला राहिल्यास अमोनिया वायू साचतो व रक्ती हगवण बळावते. एका मोठ्या पक्ष्यास दोन चौरस फूट जागा धरल्यास १० बाय १० फुटांच्या गोठ्यात ५० कोंबड्या मावतात.

राणीखेत रोगावर औषध नाही, लस आहे. पिलांना पहिल्याच आठवड्यात 'लासोटा' द्यावी लागते. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू आढळला होता. म्हणूनच अचानक मरतुक दिसल्यास मेलेले पक्षी न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळविणे अत्यावश्यक ठरते.