‘दारू’ : एका औषधवाचक शब्दाचा अर्थप्रवास

मराठीत ‘दारू’ या शब्दाचे मद्य व स्फोटक द्रव्य असे दोन अर्थ रूढ आहेत. मूळ फार्सीत त्याचा प्रधान अर्थ मात्र ‘औषध’ हाच आहे. मराठीत तो ‘दवादारू’ या जोडशब्दापुरता उरला. त्यातील ‘दवा’ अरबी, ‘दारू’ फार्सी आणि दोन्ही समानार्थी. स्वतंत्र पद म्हणून ही जागा संस्कृत ‘औषध’ या शब्दाने राखली. ‘ओषधी’ म्हणजे फळ पिकताच सुकणारी वनस्पती. तीवरून साधलेल्या ‘औषध’ या शब्दाची व्याप्ती चरकसंहितेच्या काळापर्यंत प्राणिज व खनिज द्रव्यांपर्यंत पोहोचली होती.

‘दारू’च्या अर्थांतराला अर्थापकर्ष म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तुलनेने निराळे चित्र दिसते. तेलुगूत ‘मंदु’ या एकाच शब्दाचे औषध, मद्य व बंदुकीची दारू असे तिन्ही अर्थ आजही नांदतात. तमिळ ‘मरुंदु’ औषधाप्रमाणेच स्फोटकालाही लागू पडतो. चिनी भाषेत स्फोटकाचे नावच मुळी ‘अग्नि-औषध’ असे आहे. सोरा व गंधक ही त्यातील मुख्य द्रव्ये चिनी औषधशास्त्राला आधीपासूनच परिचित होती. प्रमाणात मिसळून सिद्ध केलेले प्रभावी द्रव्य, हा या अर्थांना जोडणारा धागा होय. मराठीत तो तुटला नाही. ‘औषधा’शी झालेल्या वाटणीत केवळ झाकला गेला.